दुसऱ्याची ठेव, आपली पाटी

सदर : व्यवहार आणि व्रत

पूर्वीच्या बाजारपेठेत नवी पेढी उघडली म्हणजे तिची ओळख पाटीवरून होत नसे, माणसांवरून होत असे. परगावचा व्यापारी गादीवर येऊन बसण्याआधी शेजारच्या दोन दुकानांत चौकशी करी, धर्मशाळेत चार जणांना विचारी आणि मगच सौद्याला हात घाली. शाहजोग हुंडीचा व्यवहारही याच पायावर उभा होता. हुंडीची रक्कम ज्याच्या हाती द्यायची तो पेठेत पत असलेला ‘शाह’ असावा, एवढी अट पुरेशी मानली जाई. कारण कोण पतदार आणि कोण नाही, हे साऱ्या पेठेला ठाऊक असे. पाटी लहान असली, तिचा रंग उडालेला असला, तरी अडत नसे. पाटीच्या मागे पेठेची साक्ष उभी असे.

अभियांत्रिकी आरेखनाचा, म्हणजे इंजिनिअरिंग डिझाइनचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्या तरुण पेढीला ही साक्ष मिळत नाही. तिचे गिऱ्हाईक पुण्यात, कोइमतूरमध्ये किंवा जर्मनीतही असू शकते. ते शेजाऱ्याकडे चौकशी करायला येत नाही. ते पेढीचे संकेतस्थळ उघडते, चार पाने चाळते आणि पत्र पाठवायचे की पुढे जायचे ते ठरवते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी संकेतस्थळ ही मोठ्या कंपन्यांची चैन होती; आज दोन खोल्यांत चालणाऱ्या पेढीलाही ते टाळता येत नाही. पाटी, गादी आणि शेजाऱ्याची साक्ष ही तिन्ही कामे आता त्या एका जागी होतात.

जैन व्यापारी घराण्यांना व्यापारातून यंत्रविद्येकडे जाण्याची वाट नवी नाही. सोलापूरच्या व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद बांधकाम, जहाजवाहतूक आणि पुढे विमाननिर्मितीपर्यंत पोहोचले. सांगलीत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लोखंड, सिमेंट, कापड किंवा भुसार यांचा व्यापार करणाऱ्या किती तरी घरांतील मुलेमुली आज अशा महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि वडिलोपार्जित पेढीच्या शेजारी स्वतःचे डिझाइन ऑफिस थाटतात. संकेतस्थळ उघडण्याची वेळ आली म्हणजे त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. तो तंत्रज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो वहीखात्याचा आणि व्रताचा आहे.

मांडता न येणारा माल

कापडाचा व्यापारी उत्तम ठाण दर्शनी भागात उलगडून ठेवतो. सराफ दागिना काचेच्या कपाटात मांडतो. डिझाइन करणारी पेढी काय मांडणार?

तिच्या कामाचे स्वरूप पाहावे. एखादा पंप बनवणारा कारखानदार नव्या पंपाची कल्पना घेऊन येतो, किंवा झिजलेला जुना भाग टेबलावर ठेवतो. पेढी मापे घेते, संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती बनवते, कोठे किती टॉलरन्स चालेल ते ठरवते आणि पॅटर्न बनवणाऱ्याला, फौंड्रीला व मशीन शॉपला वाचता येईल असे ड्रॉइंग तयार करते. राखाडी बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसते, पोलाद त्याच्या सुमारे दुप्पट. हा हिशेब पॅटर्नमध्ये धरला नाही, तर सबंध कास्टिंग भंगारात जाते. हे ज्ञान, ही काळजी आणि ही जबाबदारी पेढी विकते.

पण या कामाचे फळ जे ड्रॉइंग, ते गिऱ्हाइकाच्या व्यवसायाचे मर्म असते. त्याने दोन वर्षे विचार करून, पैसा घालून जे योजले, ते त्या रेषांत आलेले असते. म्हणून डिझाइनच्या धंद्यात एक विचित्र अडचण आहे. पेढीचे सर्वांत उत्तम काम हेच बहुधा तिला कोणाला दाखवता येत नाही, आणि दाखवले नाही तर नवे गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवील, हाही प्रश्न उरतोच.

एका घराचे उदाहरण

कल्पनेसाठी एक घर डोळ्यांसमोर आणावे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत तीन पिढ्यांची लोखंड आणि हार्डवेअरची पेढी आहे. घरातील नात मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुण्यात काही वर्षे नोकरी केली आणि परत येऊन उद्यमनगरात चार सहकाऱ्यांसह तिने डिझाइन ऑफिस सुरू केले. दोन वर्षे ओळखीपाळखीतून कामे मिळाली. आता दिवाळीत वहीपूजनाच्या मुहूर्तावर संकेतस्थळ उघडायचे ठरले. ते तयार करणाऱ्या तरुणाने नमुना आणून दाखवला. पहिल्याच पानावर एका पंपाचे केसिंग संथपणे फिरत होते; प्रत्येक वळण, प्रत्येक भोक स्पष्ट दिसत होते. खाली ‘५००हून अधिक समाधानी ग्राहक’ असे मोठ्या अक्षरांत होते. त्याखाली सात कारखान्यांची बोधचिन्हे आणि एका प्रशस्त, काचेच्या कार्यालयात हसत बसलेल्या माणसांचे छायाचित्र.

घरातील वडीलधारे अण्णा ते सारे शांतपणे पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, “चित्र झकास आहे गं. पण हे केसिंग कुणाचं?”

“ड्रॉइंग आमचंच आहे, अण्णा.”

“ड्रॉइंग तुमचं. पंप कुणाचा?”

नातीपाशी उत्तर होते, पण ते द्यायला तिला वेळ लागला. पंप अजून बाजारात आलेला नव्हता. कारखानदाराने ‘चित्र दाखवू नका’ असे कधी म्हटले नव्हते. ‘दाखवा’ असेही म्हटले नव्हते. गोपनीयतेचा करार झाला नव्हता, कारण काम ओळखीतून आले होते. आणि ते केसिंग हे ऑफिसचे आजवरचे सर्वांत देखणे काम होते. ते काढून टाकले तर पहिल्या पानावर ठेवण्यासारखे दुसरे काही हाती नव्हते. संकेतस्थळ तयार करणाऱ्याचे म्हणणे व्यवहारी होते : स्पर्धक याहून साधी कामे मांडून मोठ्या कंपन्यांची कामे मिळवत आहेत, इतका विचार करत बसले तर दिवाळी निघून जाईल.

अशी घरे कल्पनेत एक असली, तरी पेठेत पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढील पेच खरा आहे.

मौन ही संमती नव्हे

तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे आणि त्या व्रतांना लागणाऱ्या दोषांचे, म्हणजे अतिचारांचे विवेचन येते. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ हा एक गणला आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. ठेव बळकावणे हा प्रथमदर्शनी चोरीचा दोष वाटतो. मग तो सत्याच्या व्रताखाली का ठेवला?

आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेतून याचा उलगडा होतो. ठेव ठेवणारा स्वतःच किती ठेवले ते विसरला आहे. तो परत न्यायला येतो आणि प्रत्यक्षाहून कमी रक्कम सांगतो. ठेव सांभाळणाऱ्याला खरा आकडा ठाऊक असतो, तरी तो त्या कमी आकड्याला होकार देतो. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही, कोणाच्या हातातून काही हिसकावलेले नाही. समोरच्याच्या विस्मरणाचा फायदा घेतला गेला, एवढेच घडले. म्हणून हा दोष सत्याचा.

डिझाइनच्या पेढीला याहून नेमके मार्गदर्शन मिळणे अवघड आहे. ‘गिऱ्हाईक काही बोलले नाही’ हे वाक्य या व्यवसायात फार सहज वापरले जाते. करारात ती अट नव्हती, पत्रात तसे लिहिले नव्हते, कोणी हरकत घेतली नाही. पण ज्या कारखानदाराला ही अट घालणे सुचले नाही, त्याचे न सुचणे ही पेढीची मिळकत ठरत नाही. ड्रॉइंग काढण्याची मजुरी पेढीला मिळाली. त्या वस्तूची कल्पना पेढीकडे ठेव म्हणून राहिली. वहीत आपला माल आणि दुसऱ्याची ठेव यांची खाती वेगळी असतात. संकेतस्थळावरही ती वेगळीच राहिली पाहिजेत.

याच पाचांतील ‘साकारमंत्रभेद’ हा दोष आणखी सूक्ष्म आहे. हावभावांवरून किंवा परिस्थितीवरून दुसऱ्याचा मनोदय ताडणे आणि तो उघड करणे, असा त्याचा आशय आहे. शास्त्रकार तेथे मत्सराच्या हेतूचा उल्लेख करतात. संकेतस्थळावर मत्सर नसेल, केवळ हौस असेल. तरी परिणाम तोच होऊ शकतो. एका बाजूला कारखान्याचे बोधचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला नव्या आकाराचे केसिंग असे शेजारी शेजारी मांडले, की त्याच औद्योगिक वसाहतीतील स्पर्धकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. कोण कशाच्या तयारीत आहे, हे त्याला घरबसल्या कळते.

जे म्हटले नाही ते लिहिणे

‘कूटलेखक्रिया’ हा सत्याचा आणखी एक अतिचार. दुसऱ्याने जे म्हटले नाही ते त्याने म्हटले आहे, जे केले नाही ते केले आहे, असे फसवण्यासाठी लिहिणे, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. संकेतस्थळावर ‘ग्राहकांचे अभिप्राय’ असा एक कोपरा हल्ली असतोच. तो भरताना गिऱ्हाइकाला दोन ओळी मागण्याचा संकोच वाटतो आणि संकेतस्थळ तयार करणारा स्वतःच त्या लिहून टाकतो. नाव अर्धे असते, हुद्दा मोघम असतो, स्तुती सफाईदार असते. ही तंतोतंत कूटलेखक्रिया आहे. त्याऐवजी एका खऱ्या गिऱ्हाइकाने आपल्या साध्या भाषेत लिहिलेले ‘काम वेळेवर मिळाले, एक चूक निघाली ती पैसे न घेता दुरुस्त करून दिली’ हे वाक्य कितीतरी वजनदार असते.

‘५०० समाधानी ग्राहक’ या आकड्याचेही तसेच. दोन वर्षांच्या ऑफिसचे अकरा गिऱ्हाईक असतील, तर अकरा लिहिण्यात कमीपणा नाही. अकरांपैकी सात पुन्हा काम घेऊन आले असतील, तर तीच सर्वांत मोठी साक्ष आहे, आणि ती वहीतून सिद्ध करता येते. वहीतून दाखवता येणार नाही असा आकडा संकेतस्थळावर नसावा, हा नियम सोपा आहे आणि पुरेसाही आहे.

काचेच्या कार्यालयाचे विकत आणलेले छायाचित्र अचौर्य व्रताच्या ‘प्रतिरूपकव्यवहारा’जवळ जाते. अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी नक्कल पुढे करणे, हा तो दोष. धान्यात खडे मिसळणाऱ्याला पेठ नावे ठेवते. परक्या कार्यालयात हसणाऱ्या परक्या माणसांना ‘आमचा चमू’ म्हणणाऱ्याला मात्र आधुनिक समजते. उद्यमनगरातील खरी खोली, खरे चार संगणक, भिंतीवर लावलेले खरे वेळापत्रक आणि मोजमापाची खरी उपकरणे यांचे नीट प्रकाशात काढलेले छायाचित्र पुरते. गिऱ्हाईक उद्या प्रत्यक्ष आले, तर त्याला तीच खोली दिसते आणि संकेतस्थळावरील बाकीच्या मजकुरावरही त्याचा विश्वास बसतो.

मग दाखवावे काय

इतके सारे वगळल्यावर उरते काय, असे कोणी विचारील. उरते ते थोडे नाही.

पहिली गोष्ट, पेढीने एखादी वस्तू स्वतःसाठी योजावी. पट्टा ताणण्याचा साधा ब्रॅकेट किंवा सुताराच्या बाकावरचा शिकंजा चालेल. कोणाच्या उत्पादनाची नक्कल मात्र नसावी. त्या वस्तूचा सारा प्रवास संकेतस्थळावर मांडावा : हाताने काढलेले पहिले रेखाटन, त्रिमितीय प्रतिकृती, टॉलरन्ससह पूर्ण ड्रॉइंग, पॅटर्न, कास्टिंग, मशीनिंग आणि शेवटी मोजलेली मापे. कोठे चूक झाली आणि ड्रॉइंगची दुसरी आवृत्ती का काढावी लागली, तेही सांगावे. जाणकार गिऱ्हाईक फिरत्या केसिंगपेक्षा अशा एका ब्रॅकेटवरून पेढीची पात्रता अधिक अचूक ओळखते. ती वस्तू पुढे विकायची असेल, तर एक पथ्य पाळावे. डिझाइन कायदा, २०००खाली नोंदणी मिळण्यासाठी ते डिझाइन आधी प्रसिद्ध झालेले नसावे, अशी अट आहे. म्हणून नोंदणीचा अर्ज आधी आणि संकेतस्थळावरील चित्र नंतर.

दुसरी गोष्ट, कामाची पद्धत लिहावी. कोणत्या स्वरूपातील फाइल स्वीकारता येतात, स्टेप की डीडब्ल्यूजी. धातूच्या प्रतींसाठी कोणती मानके वापरली जातात. ड्रॉइंग एकाने काढल्यावर दुसरा कोण तपासतो. बदल झाला तर आवृत्तीचा क्रमांक कसा दिला जातो. परदेशी गिऱ्हाइकासाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. भारतात आणि युरोपात ड्रॉइंग बहुधा फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, अमेरिकेत थर्ड अँगल पद्धतीने. ही खूण चुकीची वाचली गेली, तर डावीकडचे भोक उजवीकडे जाऊ शकते. पेढीला दोन्ही पद्धती येतात की एकच, हे एका ओळीत सांगितले, तर वाचणाऱ्याला कळते की येथे काम जाणणारी माणसे बसली आहेत.

तिसरी गोष्ट, आपण काय करत नाही तेही लिहावे. बॉयलरसारख्या कामांना कायद्याने स्वतंत्र तपासणी आणि मंजुरी लागते. असा अनुभव नसेल, तर ‘ही कामे आम्ही घेत नाही’ असे स्पष्ट असावे. काही चौकशा त्यामुळे कमी होतील. पण जी येईल ती योग्य ठिकाणी आलेली असेल, आणि दोन्ही बाजूंचा वेळ वाचेल.

चौथी गोष्ट, गिऱ्हाइकाची लेखी संमती. वस्तू बाजारात आल्यानंतर अनेक कारखानदार तिचे छायाचित्र दाखवायला आनंदाने परवानगी देतात. त्यांचीही त्यात प्रसिद्धी असते. कोणते चित्र, कोणता मजकूर, कोठे आणि कधीपर्यंत, एवढे चार मुद्दे पत्रात असावेत. चित्रावरून माप, भाग क्रमांक आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकट काढून टाकावी. संमती आली नाही, तर आग्रह धरू नये.

कागदपत्रांची बाजू

व्रताची बाजू सांभाळताना व्यवहाराची बाजू सैल राहू नये. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि तक्रार किंवा चौकशीसाठी संपर्काच्या व्यक्तीचे नाव संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर देणे नियमाने बंधनकारक आहे. तो नियम कंपन्यांसाठी आहे. भागीदारी पेढीनेही ही माहिती दिली, तर विश्वास वाढतो.

डोमेनचे नाव कोणाच्या नावावर घेतले आहे, हे आवर्जून पाहावे. अनेक घरांत ते संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या किंवा एखाद्या भाच्याच्या खासगी ईमेलवर घेतलेले असते. पुढे तो माणूस दुरावला, की पेढीची पाटी त्याच्या हाती राहते. दुकानाचा गाळा ज्या काळजीने पेढीच्या नावावर करून घेतला जातो, त्याच काळजीने डोमेनही पेढीच्या नावावर आणि पेढीच्या ईमेलवर असावे. बहुतेक डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी करता येते. मुदत संपण्याची तारीख विम्याच्या आणि परवान्याच्या तारखांशेजारी लिहून ठेवावी. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेनही २०१४ सालापासून उपलब्ध आहे. स्थानिक कारखानदारांसाठी त्याचा विचार करता येतो.

संकेतस्थळ पैसे देऊन करून घेतले म्हणजे त्याचे सारे हक्क आपोआप आपले झाले, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या संगणकीय रचनेचा पहिला हक्क सामान्यतः ती लिहिणाऱ्याचा असतो. तो पेढीकडे यायचा तर लेखी हस्तांतर लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून ‘कायमचे आणि सर्व जगासाठी’ हे शब्द करारात असावेत. दुसऱ्याच्या कल्पनेचा मान राखणाऱ्या पेढीने संकेतस्थळ तयार करणाऱ्याचा मोबदलाही वेळेवर आणि पूर्ण चुकवावा, हे वेगळे सांगायला नको.

चौकशीच्या अर्जाबाबतही विवेक हवा. नाव, ईमेल, दूरध्वनी आणि कामाचे वर्णन एवढे पुरते. जन्मतारीख आणि घरचा पत्ता कशाला हवा? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, ही त्याची दिशा आहे. अपरिग्रहाची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्यांना ती नवी वाटू नये.

चौकशीसोबत अनेकदा ड्रॉइंग येते, दर दिला जातो आणि काम दुसरीकडे जाते. ते ड्रॉइंग मात्र पेढीच्या संगणकात राहते. तीही ठेवच आहे, आणि ठेवणारा ती विसरलेला असतो. ठरावीक मुदतीनंतर असे ड्रॉइंग पुसून टाकले जाईल, असे संकेतस्थळावर लिहावे आणि खरोखर पुसावे. दराचा अंदाज घेण्यासाठी ते फौंड्रीकडे मोबाइलवरून पाठवताना गिऱ्हाइकाचे नाव असलेली चौकट काढलेली आहे ना, हेही पाहावे. गुपिते बहुधा वैरामुळे फुटत नाहीत, घाईमुळे फुटतात.

मुहूर्त आणि त्यानंतर

मुहूर्तावर संकेतस्थळ उघडणे ही आनंदाची गोष्ट आहे. तो आनंद घ्यावा. आधी मात्र घराबाहेरच्या एका जाणत्या माणसाकडून ते वाचून घ्यावे. साध्या मोबाइलवर, जेथे नेटवर्क क्षीण असते अशा ठिकाणी ते उघडून पाहावे. चौकशीचा अर्ज स्वतः भरून तो कोणाकडे पोहोचतो आणि उत्तर किती वेळात जाते, हे तपासावे. एखाद्या कारखानदाराचे संमतीपत्र आलेले नसेल, तर मुहूर्त टळू द्यायची गरज नाही. तेवढे चित्र थांबवावे.

संकेतस्थळाचा एक धोका मागाहून कळतो. उघडले त्या दिवशी खरा असलेला मजकूर कोणी खोटे न बोलताही खोटा होत जातो. ज्याच्या अनुभवाचा उल्लेख होता तो अभियंता नोकरी सोडून जातो. यंत्र विकले जाते. आयएसओ ९००१चे प्रमाणपत्र सामान्यतः तीन वर्षांच्या मुदतीचे असते. ते संपते, चित्र मात्र झळकत राहते. जैन परंपरेत प्रतिक्रमण दैनिक आहे, पाक्षिक आहे, चातुर्मासिक आहे आणि सांवत्सरिकही आहे. दोष लागतच असतात आणि ते ठरलेल्या वेळी तपासायचे असतात, हे त्यात गृहीत आहे. पेढीनेही दर चार महिन्यांनी आपल्या संकेतस्थळाचे प्रत्येक वाक्य वाचून हे आजही खरे आहे का, असे स्वतःला विचारावे. त्यासाठी एक माणूस आणि एक तारीख नेमून द्यावी.

अशा पेढीचे संकेतस्थळ कदाचित साधे दिसेल. पहिल्या पानावर फिरणाऱ्या केसिंगऐवजी साधा ब्रॅकेट असेल, पाचशेऐवजी अकरा असतील. काही जण ते पाहून पुढे निघून जातील. हे नुकसान खरे आहे आणि ते मान्य करूनच निर्णय घ्यावा लागतो. परंतु ज्याच्या हातात उद्याची नवी कल्पना आहे, जो ती कोणाच्या तरी स्वाधीन करायला निघाला आहे, तो कारखानदार संकेतस्थळ वेगळ्या नजरेने वाचतो. दुसऱ्याची कल्पना येथे मांडलेली दिसली, तर उद्या आपलीही मांडली जाईल, हे त्याला उमगते. आणि ‘गिऱ्हाइकांची कामे त्यांच्या लेखी संमतीशिवाय येथे दाखवली जात नाहीत’ हे एक वाक्य त्याला दिसले, तर तो चौकशीचा अर्ज उघडतो. पूर्वी परगावचा व्यापारी शेजारच्या दुकानात नेमके हेच विचारत असे : यांच्याकडे ठेव ठेवली तर सुरक्षित राहते का?